संशयिताचे कूळ

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हक्कांची, शिक्षणाची, पोटापाण्याची एवढी कामे पुढे पडलेली असताना रहस्यकथा आणि गुप्तहेरांच्या कादंबऱ्या यांवर बोलत बसायचे ही चैन नव्हे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो मी गैर मानणार नाही. परंतु या वाचनालयाचे देवघेवीचे रजिस्टर एकदा उघडून पाहा. राज्यघटनेवरील ग्रंथ कपाटात स्वस्थ उभे असतात. रहस्यकथांची पाने मात्र हाताळून हाताळून सुटलेली असतात. लोक जे खरोखर वाचतात त्याचा विचार करणे ही चैन नव्हे. जाहीर सभेत माणूस सावध असतो. वक्ता कोणत्या पक्षाचा आहे हे त्याला ठाऊक असते आणि त्याचे प्रत्येक वाक्य तो पारखून घेतो. रात्री दिव्याखाली, श्वास रोखून, ‘आता पुढे काय?’ म्हणत पान उलटणाऱ्या माणसाला ही सावधगिरी राहत नाही. ज्या क्षणी त्याच्या मनाचे दार सताड उघडे असते त्याच क्षणी लेखक आत शिरतो. तो येताना बरोबर काय घेऊन येतो हे पाहणे वाचकाचे काम आहे.

प्रथम माझीच एक कबुली देतो. शाळेत असताना मी रहस्यकथांचा मोठा शौकीन होतो. वाचनालयातून आणलेले पुस्तक आम्ही दोघे मित्र मिळून वाचत असू. एकाने पान उलटायचे आणि दुसऱ्याने ‘थांब, माझं व्हायचंय’ म्हणायचे. माझा हा मित्र गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीतून शाळेत येत असे. एका कथेत वाड्यात खून होतो, दागिने जातात. आणि पहिल्याच प्रकरणात वाड्यामागच्या माळावर पारध्यांची पाले पडल्याचे सांगितलेले होते. तेथपर्यंत वाचून त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवले आणि तो उठला. मी म्हणालो, ‘अरे, खून कुणी केला ते बघायचं नाही का?’ तो म्हणाला, ‘त्यात काय बघायचं? आमच्यातलाच कुणीतरी निघणार. तू वाच.’ मी वाचले. त्याचे म्हणणे खरे निघाले. दुसऱ्या दिवशी मी त्याला काही सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. आणि त्यानंतर आम्ही एकत्र पुस्तक वाचले नाही.

त्या लेखकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तो दुष्ट होता असे मी मानत नाही. त्या कथेत मला तेव्हा काहीच खटकले नव्हते, ही गोष्ट मला आज खटकते. मला ते रहस्य वाटले आणि माझ्या मित्राला ते पहिल्या प्रकरणातच उलगडलेले होते. एकच पुस्तक, एकच पान. पण दोन वाचक दोन निरनिराळ्या जागी उभे होते. आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

आता एक भेद स्पष्ट करून घेऊ. लेखकाला राजकीय मत असणे हा दोष नव्हे. मत नसलेला माणूस गोष्टही सांगू शकणार नाही. एरिक अँब्लर या इंग्रज लेखकाने १९३० नंतरच्या दशकात हेरकथा लिहिल्या. त्या काळच्या बहुतेक हेरकथांत परका क्रांतिकारक हा खलनायक असे. अँब्लरने तो मान शस्त्रांच्या व्यापाऱ्याला आणि सावकारी पेढ्यांना दिला. त्याचा कल डावीकडे होता आणि तो त्याने लपवला नाही. हे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण शस्त्रे विकून युद्ध पेटवणे हे एक कृत्य आहे. ते करणारा माणूस ते करायचे सोडू शकतो. माणसाला त्याच्या कृत्यासाठी दोषी धरणे हा लेखकाचा पक्ष झाला. माणसाला त्याच्या जन्मासाठी दोषी धरणे हा पक्षपात होय. पहिल्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याशी वाद घालायला जागाच ठेवलेली नसते.

हा दुसरा प्रकार रहस्यकथेत इतका सुकाळ का आहे? त्याला या साहित्यप्रकाराच्या रचनेतच एक कारण आहे. थरार निर्माण करायचा तर वाचकाच्या मनात भय आणि संशय चटकन उभे करावे लागतात. सामाजिक कादंबरीकाराजवळ पात्र घडवायला दोनशे पाने असतात. रहस्यकथाकाराजवळ दोन ओळी असतात. एवढ्या थोडक्यात संशय निर्माण करायचा म्हणजे तो नव्याने घडवणे कठीण. म्हणून लेखक समाजात आधीच तयार असलेला संशय उसना घेतो. अमुक रंगाचा नोकर, तमुक वस्तीतला माणूस, परक्या नाकडोळ्यांचा पाहुणा एवढे लिहिले की काम भागते. वाचक उरलेले स्वतःच भरून काढतो. म्हणूनच हे पाप एकट्या लेखकाचे नाही. वाचकाच्या मनात ती ठेव नसती तर लेखकाला ती उसनी घेता आली नसती. आणि प्रत्येक कथेगणिक ती ठेव व्याजासकट वाढते.

याचे सर्वांत जुने आणि आपल्या भूमीशी सर्वांत जवळचे उदाहरण १८३९ सालचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये फिलिप मेडोज टेलर या लेखकाची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. टेलर हा निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी होता. पुढे तो आपल्या मराठवाड्यातील नळदुर्गलाही अधिकारी म्हणून होता. कादंबरीत अमीर अली नावाचा ठग एका साहेबापुढे आपल्या आयुष्याची हकीगत सांगतो. रुमालाने गळे आवळून आपण सातशेहून अधिक माणसे मारली हे तो पश्चात्तापाने नव्हे, अभिमानाने सांगतो. इंग्लंडमध्ये या पुस्तकावर वाचकांच्या उड्या पडल्या. पुढे ‘ठग’ हा आपल्याकडील शब्द इंग्रजी भाषेत कायमचा जाऊन बसला.

आता या कादंबरीतील एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. अमीर अली हा ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. तो एका प्रतिष्ठित कुटुंबातील मुलगा. त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि मारणाऱ्यांपैकीच एकाने त्याला मुलगा म्हणून वाढवले. ठगी तो शिकला. ती त्याच्या रक्तात नव्हती. एवढेच नव्हे, तर पुढे त्याच्या हातून अजाणता त्याच्या सख्ख्या बहिणीचा खून होतो. म्हणजे पुस्तक स्वतःच सांगते की गुन्हा हा संगतीने आणि शिकवणीने येतो, कुळाने येत नाही. पण वाचकांनी त्यातून काय घेतले? या देशात खून हाच ज्यांचा वंशपरंपरागत धर्म आहे असे लोक राहतात आणि त्यांच्यापासून आपले रक्षण करायला इंग्रजी राज्य हवे, एवढेच त्यांनी घेतले. लेखकाने लिहिलेल्यापेक्षा वाचकाने आधी मानलेले अधिक बलवान ठरले. पक्षपात लिहिण्यात जेवढा असतो तेवढाच वाचण्यातही असतो, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

कादंबरीने कायदा घडवला असे मी म्हणणार नाही. ठगांविरुद्धची स्लीमनची मोहीम कादंबरीच्या आधीच सुरू झाली होती. १८३६ सालच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच आरोपावर जन्मठेपेची शिक्षा ठेवली होती. पण अशा मोहिमा, अहवाल आणि कथा मिळून जी हवा तयार होते तिच्यात पुढचे कायदे श्वास घेतात. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तीत जन्मलेल्या माणसाचे नाव नोंदवहीत गेले. त्याने पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही, आणि सरकारला वाटेल तेव्हा तारेच्या कुंपणातील वसाहतीत जाऊन राहायचे. त्या जाहीरनाम्याला न्यायालयातही आव्हान देण्याची सोय नव्हती. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू करण्याची तरतूद झाली. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’चे नाव आजही तेथील लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायद्याच्या पुस्तकातून त्या मुक्त झाल्या. गोष्टीच्या पुस्तकातून झाल्या नाहीत. माझा मित्र १९५२ नंतर जन्मलेला होता. त्याच्यावर कोणताही कायदा नव्हता. तरी वाड्यातल्या खुनासाठी त्याची हजेरी लागलेलीच होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे समजू नये. १९१२ साली इंग्लंडमध्ये सॅक्स रोमर या लेखकाने डॉ. फू मांचू नावाचा चिनी खलनायक जन्माला घातला. हा मनुष्य विद्वान, क्रूर आणि साऱ्या गोऱ्या जगाचा नाश करण्याच्या खटपटीत असलेला. लंडनच्या लाइमहाउस भागात त्या वेळी राहणारे चिनी लोक थोडेथोडके, बहुतेक खलाशी आणि धोबीकाम करणारे. या मूठभर कष्टकऱ्यांच्या दारामागे जगाविरुद्धचा कट शिजतो आहे, असे लाखो वाचकांना वाटू लागले. अमेरिकेत चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२ पासून १९४३ पर्यंत अमलात होता. आणि त्याच अमेरिकेत १९३२ साली या खलनायकावर चित्रपट निघाला तेव्हा चिनी वकिलातीला निषेध नोंदवावा लागला. त्या एका पात्राने किती चिनी मुलांना शाळेत चिडवले गेले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याहून अधिक विचार करायला लावणारे उदाहरण जॉन बुकनच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या १९१५ सालच्या कादंबरीचे. तिच्या आरंभी एक पात्र सांगते की युरोपातील सगळ्या कारस्थानांच्या मुळाशी ज्यू लोक आहेत. पुढे दुसरे एक पात्र म्हणते की त्या माणसाच्या मनात ज्यूंविषयी विकृत ग्रह होता, त्याचे बोलणे धरू नये. आणि खरा कट निराळाच निघतो. लेखकाने एका हाताने विष दिले आणि दुसऱ्या हाताने उतारा दिला. पण विष पहिल्या प्रकरणात, कुतूहल ऐन भरात असताना दिले. उतारा पुढे एका वाक्यात दिला. किती वाचकांना तो उतारा स्मरतो? पुढे वीस-पंचवीस वर्षांतच जर्मनीच्या राज्यकर्त्यांनी त्याच ग्रहावर आपले राज्य उभारले आणि साठ लाख ज्यूंची हत्या केली. बुकनला त्यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पण ज्या हवेत ते घडू शकले ती हवा अनेकांच्या सहज लिहिलेल्या ओळींनी भरलेली होती, हे नाकारता येत नाही.

आणि कोणी म्हणेल की गोष्ट ही गोष्टच असते, तिने कोणाचे काय बिघडते, तर त्याच्यासमोर मी एकच पुस्तक ठेवतो. १९७८ साली अमेरिकेत ‘द टर्नर डायरीज’ ही कादंबरी निघाली. ती विल्यम पिअर्स या गौरवर्णवर्चस्ववादी संघटनेच्या पुढाऱ्याने टोपणनावाने लिहिली होती. तीत गोरे बंडखोर स्फोटकांनी भरलेला ट्रक सरकारी इमारतीपाशी नेऊन उडवतात आणि पुढे काळ्यांचा व ज्यूंचा संहार करतात. वाचकाने या मारेकऱ्यांच्या बाजूने श्वास रोखावा अशी तिची मांडणी. टिमथी मॅकव्हे नावाच्या तरुणाने ती वाचली, बंदुकांच्या बाजारात ती विकली. आणि १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात स्फोटकांनी भरलेला ट्रक सरकारी इमारतीपाशी उभा केला. १६८ माणसे मेली. त्यांत १९ लहान मुले होती. पकडला गेला तेव्हा त्या कादंबरीची पाने त्याच्या मोटारीत होती. हजारो वाचकांपैकी एकच मॅकव्हे निघतो हे खरे. पण तो कोणत्या पुस्तकातून निघाला हेही खरे.

मग वाचकाने काय करावे? आजवर वाचकांनी तीन मार्ग अनुसरले आहेत. प्रत्येकाचा विचार करू.

पहिला मार्ग, ‘करमणुकीत राजकारण आणू नका’ असे म्हणण्याचा. १९४० साली जॉर्ज ऑर्वेलने इंग्रज मुलांच्या साप्ताहिकांवर लेख लिहून दाखवले की त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींत परका मनुष्य एक तर हास्यास्पद असतो, नाही तर दुष्ट असतो. त्या गोष्टींचा लेखक फ्रँक रिचर्ड्स याने त्याच मासिकात उत्तर दिले आणि परके लोक हास्यास्पद असतातच, असे तो त्यात निर्धास्तपणे म्हणून गेला! त्याच्याच कथांत एक हिंदी राजपुत्र आहे. मुलगा भला आहे, शूर आहे, पण तोंड उघडले की त्याच्या इंग्रजीवर सर्वांनी हसायचे. करमणुकीत राजकारण आणू नका असे म्हणणाऱ्याला, ते तेथे आधीपासूनच बसलेले आहे हे दिसत नाही, कारण ते त्याच्या बाजूचे असते.

दुसरा मार्ग तक्रारीचा व दुरुस्तीचा. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या एका प्रसिद्ध कादंबरीच्या नावातच काळ्या लोकांविषयीचा अपशब्द होता. अमेरिकेत ती १९४० साली निराळ्या नावाने निघाली. इंग्लंडात मात्र जुने नाव १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकून होते. इयन फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांतील वंशाविषयीचे काही शब्द २०२३ सालच्या नव्या आवृत्त्यांत बदलण्यात आले. यावर पुष्कळ गदारोळ झाला. माझे मत विचाराल तर, जो शब्द कोणाच्या तरी मुलाला शाळेत दगडासारखा मारला जातो तो पुस्तकाच्या नावावरून काढला तर साहित्याची हानी होत नाही. पण शब्द बदलला म्हणून कथा बदलते असेही नाही. खलनायकाचे कूळ तेच राहते. फक्त त्याचा उच्चार सौम्य होतो. आणि जुने पुस्तक पार धुऊन काढले तर आपल्याशी लोक कसे वागले याचा पुरावाही धुऊन जातो. म्हणून हा मार्ग कधी आवश्यक असला तरी पुरेसा नाही.

तिसरा मार्ग लेखणी हाती घेण्याचा. चेस्टर हाइम्स हा अमेरिकेतील काळा लेखक. दरोड्याच्या गुन्ह्यासाठी त्याने ओहायोच्या तुरुंगात सात-आठ वर्षे काढली आणि तेथेच तो लिहू लागला. पुढे तो पॅरिसला गेला आणि एका फ्रेंच संपादकाच्या आग्रहावरून त्याने १९५७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील दोन काळ्या पोलिसांच्या रहस्यकथा लिहिल्या. १९५८ साली फ्रान्समधील रहस्यकथेचे मोठे पारितोषिक त्याला मिळाले. त्याच्या कथांत चोर काळा आहे, फसवला गेलेला काळा आहे, तपास करणाराही काळा आहे. त्यामुळे रंग पाहून गुन्हेगार ओळखण्याची सोयच उरत नाही. वाचकाला प्रत्येक माणूस माणूस म्हणून पारखावा लागतो. पक्षपाताला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आपल्याकडे हेच काम अण्णाभाऊ साठे यांनी केले. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. ती रहस्यकथा नव्हे. पण पाठलाग, दरोडा, वेढा, शौर्य ही थराराची सारी साधने तीत आहेत. सरकारी दप्तरात ज्याची नोंद दरोडेखोर म्हणून व्हायची तो मांग तरुण येथे नायक आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी तो धान्य लुटतो, आणि कायदा मोडणारा अधिक गुन्हेगार की हजेरीचा जाच लावणारा कायदाच अधिक गुन्हेगार, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. जी ठेव वाचकाच्या मनात शतकभर साठवली गेली होती ती अण्णाभाऊंनी उलटी फिरवली. पुढे लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’मध्ये कोणताही नायक न उभारता, आपल्या घराची हकीगत उघडपणे सांगितली. संशयित स्वतः बोलू लागला की रहस्य उरत नाही, माणूस उरतो.

परंतु बंधूंनो, येथे थांबून टाळ्या पिटू नयेत. ही कसोटी दुसऱ्याच्या पुस्तकाला लावणे सोपे असते. आपल्या पुस्तकाला ती लावली पाहिजे. आपल्या तरुणांनी लिहिलेल्या कथाही मी वाचतो. त्यांत कधी असे होते की एखाद्या पात्राचे आडनाव आले की तोच शेवटी दुष्ट निघणार हे मला कळते. तेव्हा मला माझा मित्र आठवतो. अन्यायाचा राग खरा असतो, अनुभव खरा असतो. पण खलनायक त्याच्या कृत्याने सिद्ध न करता त्याच्या कुळाने सिद्ध केला, की १८७१ च्या नोंदवहीत आपणही एक ओळ लिहिली असे होते. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणे ज्यांना मान्य नाही त्यांनी ते उलट्या दिशेनेही मान्य करू नये. असा लेखक नुसताच अन्यायी होत नाही, तो वाईट रहस्यकथाकारही होतो. कारण ज्याचा शेवट आडनावातच उघड झाला ते रहस्य कसले?

म्हणून रहस्यकथा वाचू नका असे मी सांगणार नाही. मी स्वतः अजून वाचतो. फक्त पुस्तक मिटल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. या कथेत मला पहिला संशय कोणाचा आला, आणि तो कशावरून आला. पुराव्यावरून की कुळावरून? हेच कृत्य दुसऱ्या कुळातील पात्राने केले असते तर लेखकाने त्याला हेच नाव दिले असते काय? आणि तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. हे पुस्तक मी कोणाच्या शेजारी बसून मोठ्याने वाचू शकणार नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेत असताना माझ्या शेजारीच बसले होते. मला ते वाचता आले नाही. आज या वाचनालयात पुष्कळ मुले दोघादोघांनी एका पुस्तकावर वाकलेली मला दिसली. त्यांपैकी एकानेही पहिल्या प्रकरणात पुस्तक मिटून उठून जाऊ नये, एवढी काळजी घेणारा वाचक आणि एवढी काळजी घेणारा लेखक आपल्यातून निर्माण व्हावा, ही इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.